जमलं की उतर

शहाणीने उजव्या पायावर पहिल्यांदा कँटर उचलला तेव्हा मी ओरडणारच होते. कँटर म्हणजे दुडकीच्या पुढची चाल. दुडकीत घोडं तुम्हाला पोत्यासारखं आपटतं, कँटरमध्ये झोपाळ्यावर बसवतं. डावीकडे वळताना या घोडीला तो छान यायचा. उजवीकडे वळताना उजवा पाय पुढे टाकायचा असतो, ते मात्र काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्या सकाळी शिरलं. एक झेप, दुसरी, तिसरी, कान पुढे, खोगिराखाली पाठ अशी वर आलेली, आणि चौकोनी रिंगणाचं कुंपण सर्रकन मागे पळायला लागलं.

"उतर," मामा म्हणाला.

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. आत्ता कुठे मजा सुरू झाली होती.

"जमलं की उतर. कोपऱ्यात थांबव आणि खाली ये."

उतरले. काय करणार. मामाने पुढे येऊन तिच्या खोगिराचा पट्टा सैल केला, मानेवर थोपटलं, आणि तिला हौदाकडे घेऊन गेला. झाली त्या दिवसाची शिकवणी. मी दातओठ खात मागून चालले. एवढे दिवस वाट बघायची, आणि घास तोंडात पडला की ताटावरून उठायचं. हा कुठला न्याय?

मामाचं सगळंच असं. तो माझ्या आईचा धाकटा भाऊ, तबेला त्याचा. पूर्वी स्वतः बसायचा, आता कंबर धरते म्हणून खालून हुकूम सोडतो. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हा जमिनीवरून घोडे हाकतो. पण त्याच्या हाताखालचं घोडं म्हातारं होईपर्यंत सरळ चालतं, हे त्याचा शत्रूसुद्धा कबूल करेल. त्याचं म्हणणं एवढंच, की घोड्याला शाबासकी कळत नाही, साखर खाल्ली की विसरतं, पण पाठीवरचं ओझं उतरलेलं त्याला बरोबर कळतं. हवं ते केलं आणि त्याच क्षणी ओझं गेलं, तर दुसऱ्या दिवशी ते घोडं स्वतःहून तेच करतं. वर पायही वाचतात. दहा वेळा घोटून घ्यायला घोडं म्हणजे पाढे नव्हेत.

पाढ्यांचा टोमणा मला होता. मी नववीत शाळा सोडली. गणिताच्या सरांनी मला खडू फेकून मारला, मी तोच परत मारला. त्यांचा चुकला, माझा लागला. तेव्हापासून मी तबेल्यात. मला सगळे ठिणगी म्हणतात, आईसुद्धा, चिडली नसेल तेव्हा.

आईने मात्र मामाला पक्कं बांधून घेतलं होतं. शहराच्या पलीकडे लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारी एक शाळा आहे. तिथल्या बाईंना एक घोडी हवी होती, शांत, तरुण, दोन्ही बाजूंनी तयार. त्या उन्हाळ्याच्या शेवटी येऊन शहाणीला बघणार होत्या. त्यांनी तिला पसंत केलं, तर तबेल्यात येणारं नवं शिंगरू पहिल्या दिवसापासून माझ्या हातात, आणि माझ्या शाळेचं नाव कोणी काढायचं नाही. नाही केलं, किंवा त्याआधी शहाणी एक दिवस जरी लंगडली, तर मी मुकाट्याने वर्गात जाऊन बसायचं. मामाने हो म्हटलं. मी तर मामाच्या आधी म्हटलं.

म्हणायला काय जातं. शहाणी तेव्हा चार वर्षांची होती. चार वर्षांची घोडी म्हणजे अचानक उंच झालेलं पोर, मामा म्हणायचा, दिसतं बापाएवढं पण पोतं उचलायला सांगितलं तर कायमचं मोडेल. म्हणून पहिले कितीतरी आठवडे आम्ही फक्त चाललो. टणक रस्त्याने, सरळ, पायी चालीने. त्याने म्हणे हाडं आणि शिरा आवळतात. माझा जीव जायचा. सायकलवरची पोरं आम्हाला मागे टाकून जायची आणि वळून हसायची. एकाला मी त्याच्या सायकलबद्दल असं काही सुनावलं की त्याने रस्ताच बदलला.

रोज सकाळी चारा टाकायच्या आधी चारही पाय बघायचे. गुडघ्यापासून खाली हात फिरवत न्यायचा, नळीच्या मागची शीर दोन बोटांत धरून खालपर्यंत जायचं. गार आणि ताणलेली, दोरीसारखी, तर चांगलं. कोमट लागली किंवा बोटाखाली फुगीर लागली तर त्या दिवशी सुट्टी. रिंगणात लहान गोल घ्यायचे नाहीत. जेवढं डावीकडे तेवढंच उजवीकडे. चढतानासुद्धा एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून, म्हणजे पाठीवर एकाच बाजूला ओढ बसत नाही. उजवीकडून चढताना मी सुरुवातीला दोनदा पलीकडे पडले. शहाणीने मान वळवून असं बघितलं, जणू विचारतेय, काही हरवलंय का तिकडे?

पण काम व्हायचं, हे मला कबूल करावं लागतं. एवढंसं काम, अर्ध्या तासाच्या आत संपणारं, आणि दुसऱ्या दिवशी घोडी पुढे गेलेली असायची. उजव्या पायाचा कँटर जमला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने तो पहिल्या इशाऱ्याला उचलला. तिसऱ्या दिवशी मी नुसता विचार केला तरी. मी रात्री झोपेतही पाय मारायचे म्हणे, आईने पांघरूण वेगळं दिलं.

आणि मग शहाणीने आमची वाट लावली.

बाई यायला पंधरवडा राहिला होता. मामा म्हणाला, आज उजवीकडे रिंगणाला पूर्ण फेरी मार. मी पाय लावला. शहाणीने झोकात कँटर उचलला, तीन झेपा टाकल्या आणि कोपऱ्यात जाऊन थांबली. ठप्प. मी जवळजवळ तिच्या कानांवर आले. परत पाय लावला. परत तेच, तीन सुंदर झेपा, कोपरा, ठप्प. आणि मान वळवून माझ्या बुटाकडे बघायला लागली.

तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. मी टाच मारणार तेवढ्यात मामाने लगाम धरला. मी म्हटलं, सोड, ती नाटक करतेय, आज मी तिला दहा फेऱ्या मारायला लावते, बघू कोण थकतं. मामा म्हणाला, थकणार तिचे पाय, तुझी जीभ तर थकत नाही. मी उतरले, हेल्मेट काढून वाळूत आपटलं आणि हौदाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मामाला बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोही बोलला. आमच्या घराण्यात कोणालाच शांतपणे बोलता येत नाही.

कट्ट्यावर बसून मी खडे फेकत होते. मामाने शहाणीचं खोगीर काढून तिला रिंगणातच मोकळी सोडली होती. ती थोडी लोळली, उठली, अंग झटकलं. मग चालत चालत त्या कोपऱ्यात गेली आणि उभी राहिली. बरोबर त्याच जागी. तोंड हौदाकडे, एक मागचा पाय सैल. जरा वेळाने गवताच्या वासाने पलीकडे गेली, परत फिरून तिथेच. बसस्टॉपवर उभी राहिल्यासारखी.

मी एवढ्या जोरात उडी मारली की खडे पाण्यात पडले.

"मामा, ती नाटक करत नाहीये. ती आपलं ऐकतेय."

मामा खोगीर कुंपणावर टाकून जवळ आला.

"तीन झेपा, कोपरा, उतर. रोज हेच केलंय आपण. तिला वाटतंय धडा एवढाच आहे. ती तो पूर्ण करून थांबतेय, आणि वर आपणच तिला रागावतोय."

मामाने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग हळूच हसायला लागला. आयुष्यभर घोडे तयार केले, म्हणाला, पण एवढ्या हुशारीने कोणी माझीच चूक मला शिकवली नव्हती. ते मला म्हणाला की शहाणीला, मी विचारलं नाही.

आता करायचं काय? घोडं पेंड खातंय कुठे ते कळलं होतं, पण घोटून घेणं म्हणजे पायांशी खेळ, आणि न घोटता ती पुढे कशी जाणार. मामा म्हणाला, न उतरता तसंच पुढे रेटू, हळूहळू विसरेल. मी म्हटलं, शहाणी विसरत नाही. आपण जागा बदलू.

तबेल्याच्या मागे एक मातीचा रस्ता पाण्याच्या टाकीपर्यंत चढत जातो. माती भुसभुशीत नाही, दगडही नाही. तिथे कोपरा नाही, थांबायचं कारणच नाही. मी म्हटलं, इथे खालून कँटर उचलायचा, वरपर्यंत जायचं, आणि टाकीपाशीच उतरायचं, दुसरीकडे कुठेही नाही. तिच्या डोक्यातलं उतरायचं ठिकाण टाकीपाशी गेलं की तीन झेपांवर कशाला थांबेल?

मामाने रस्त्यावर चालून पाहिलं, टाचेने माती दाबली. मग एकच अट घातली. चढताना पुढच्या पायांवर कमी भार येतो, म्हणून चढ ठीक. उतरताना मात्र पाठीवर बसायचं नाही, लगाम धरून पायी यायचं. एका दिवशी एकदाच, आणि एक दिवस आड.

पहिल्या दिवशी ती तीन झेपा टाकून अडखळली, थांबायचं ठिकाण शोधत. समोर नुसता रस्ता. मी पुढे झुकले, आयाळीत हात घातला, आणि तिने ठरवलं, चला. काय गेली ती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्याने. टाकीपाशी मी खाली उतरले तेव्हा तिच्या नाकपुड्या मोठ्या झाल्या होत्या. दोघी पायी खाली आलो, मी बडबडत, ती ऐकत. दुसऱ्या सकाळी पाय गार. त्या आठवड्याच्या शेवटी रिंगणात ती कोपऱ्यावरून अशी गेली की जणू तो कोपरा तिने आयुष्यात कधी पाहिलाच नाही. तरी माझ्या मनात धाकधूक राहिलीच. माझ्याबरोबर गेली, ठीक. पण आत खोल कुठेतरी तो बसस्टॉप असेल तर?

बाई आल्या त्या दिवशी मी बूट दोनदा पुसले. बाई बुटक्या, केस करडे आणि करकचून बांधलेले, आवाज एवढा हळू की माणसाला आपोआप पुढे वाकावं लागतं. त्यांनी शहाणीला सगळीकडून बघितलं, दात बघितले, टाप उचलून बघितली. मी हेल्मेट घालून तयार. मग त्या म्हणाल्या, तू राहू दे, मीच बसते.

मला काय झालं ते सांगता येत नाही. एवढे महिने मी मेहनत करायची आणि घोडामैदान जवळ आल्यावर दुसऱ्याने बसायचं. मामाने माझं कोपर धरलं. त्याने आधीच बजावलं होतं, गिऱ्हाईक पाठीवर असताना तोंडातून शब्द काढायचा नाही.

बाई मुद्दाम उजवीकडून चढल्या. शहाणीने एक कान हलवला आणि दगडासारखी उभी राहिली. चालणं, दुडकी, थांबणं, मागे सरणं, सगळं लोण्यासारखं. डावा कँटर, सुरेख. मग उजवा. पहिली झेप, दुसरी, तिसरी. कोपरा आला. मी मामाच्या हातात नखं रुतवली होती हे मला नंतर कळलं. शहाणीचे कान क्षणभर हौदाकडे गेले, आणि ती कोपऱ्यावरून पाण्यासारखी वळून पुढे निघून गेली. मामाने श्वास सोडला तो मला माझ्या मानेवर लागला.

आता उतरतील, मला वाटलं. बाई उतरल्या नाहीत. परत उजवीकडे. परत. आणि परत. प्रत्येक वेळी शहाणीने बरोबर पाय टाकला, आणि प्रत्येक वेळी बाईंनी आणखी एक फेरी मागितली.

हौदाचा नळ गळतो. त्यामुळे रिंगणाच्या त्या टोकाला वाळू ओली आणि खोल झालेली असते, आम्ही तिथून नेहमी आतून जातो. बाई कुंपणाला धरून जात होत्या. दर फेरीला शहाणीचे पाय त्यात घोट्यापर्यंत रुतायचे आणि तिला स्वतःला उपसून काढावं लागायचं. आधी तिचे कान आडवे झाले. मग मान थोडी खाली आली. मग झेप आखूड झाली, एवढीशी, अर्ध्या विताने. मी मामाकडे बघितलं. त्यालाही दिसत होतं. तो ओठ मिटून उभा होता.

माझं शिंगरू तिथे पणाला लागलेलं होतं, हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरी मी कुंपणाखालून वाकून आत गेले.

"बास, बाई. उतरा आता."

बाईंनी शहाणीला माझ्यासमोर आणून थांबवलं. मामाने डोळे मिटून घेतले होते, कोणीतरी ताटं पाडल्यावर मिटतात तसे.

"का?" बाईंनी विचारलं, त्याच हळू आवाजात.

"तिने तुम्हाला हवं ते चार वेळा केलं. पाचव्यांदा ती पाठ उचलून नाही, पायांवर ओढून करेल. त्या टोकाची वाळू खोल आहे. शीर दुखावली तर उद्या कळेल, आणि उद्या तुम्ही इथे नसाल."

"माझ्याकडे दिवसभर मुलं बसतात," बाई म्हणाल्या. "थकल्यावर घोडी लाथ मारते, चावते की फेकून देते, ते मला आजच बघायला हवं. मूल पडल्यावर नाही."

ते मला सुचलंच नव्हतं. खरंच होतं. पण मी तशीच उभी राहिले, हात लगामाजवळ. म्हटलं, मग बघितलंत ना, थकली तरी काही केलं नाही. आता तिचे पाय वाचवा.

बाईंनी त्या टोकाच्या वाळूकडे वळून बघितलं. मग उतरल्या, स्वतः पट्टा सैल केला, आणि मामाला म्हणाल्या की निर्णय आज देत नाही, सकाळी येते, तोपर्यंत पायांना कोणी पाणी, पट्टी, लेप, काही लावायचं नाही. आणि गेल्या.

मामा मला ओरडला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. आईने जेवताना विचारलं काय झालं, मामा म्हणाला, उद्या कळेल, आणि भात वाढून घेतला.

सकाळी मी पोचले तेव्हा बाई आधीच तिथे होत्या, तबेल्याच्या दारात, बाह्या वर करून. त्या म्हणाल्या, तू हात लावू नकोस. त्यांनी डाव्या पुढच्या पायापासून सुरुवात केली. दोन बोटं, गुडघ्याखालून टापेपर्यंत. मग मागचे दोन. मग उजवा पुढचा, ओल्या वाळूत जास्त रुतलेला. तिथे त्यांची बोटं थांबली. खाली गेली, परत वर आली, परत थांबली. त्यांनी हात बदलला. डोळे मिटले. शहाणी आरामात चारा चावत होती, आणि मला तिचा चावण्याचा आवाज असा ऐकू येत होता जणू माझ्या डोक्यातच चावतेय.

बाई उठल्या. चेहऱ्यावरून काही कळेना. "रस्त्यावर काढ. सरळ दुडकी. तूच पळ बरोबर."

फाटकापासून पुढे काँक्रीटचा रस्ता आहे, टणक, सपाट. तिथे खोटं लपत नाही. दुखरा पाय हळू पडतो, आवाज मोडतो. मी दोर सैल धरला आणि धावले. टप टप टप टप. मी तिच्या पायांकडे बघत नव्हते, नुसतं ऐकत होते. टप टप टप टप, घड्याळासारखं, एकही कमी नाही, एकही जड नाही. खांबापाशी वळले आणि परत येताना मला हसू आवरेना, मी शहाणीपेक्षा जोरात धावत होते, ती बिचारी मला गाठायला बघत होती.

बाईंनी मामाला सांगितलं की गाडी दुपारी पाठवते. मग माझ्याकडे वळल्या.

"वाळूबद्दल बरोबर होतीस. बाकी ओरडणं जरा कमी कर." आणि चालायला लागल्या. फाटकापाशी थांबून मामाला म्हणाल्या, "आणि त्या नळाचा वायसर बदला."

मामाने मान हलवली. बाई दिसेनाशा झाल्या तशी त्याने टोपी हवेत उडवली, कंबर धरली, आई गं म्हणाला आणि हसत तिथेच कट्ट्यावर बसला. आईला फोन मीच केला. ती म्हणाली, शिंगरावर बसताना हेल्मेटचा पट्टा नीट लावशील ना? मी म्हटलं, आई, शिंगरावर एवढ्यात बसायचं नसतं, आधी नुसतं चालायचं असतं. ती म्हणाली, बरं, मला शिकव आता.

दुपारी गाडी आली. शहाणी फळीवरून टापा वाजवत आत चढली, एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला एवढा राग आला तिचा. मी गाडीच्या फटीतून हात घालून तिची मान खाजवत राहिले, ड्रायव्हरने हॉर्न वाजवेपर्यंत.

शिंगरू संध्याकाळी आलं. काळं, नुसते पाय आणि कान. उतरताच त्याने बादली लाथेने उडवली, मामाच्या खिशातला रुमाल ओढला, आणि मला बघून दात विचकले. मामा म्हणाला, आज फक्त दोर दाखव, उद्या ओळख. मी दोर घेऊन आत गेले, दार मागे ओढून घेतलं. ते कोपऱ्यात फुरफुरत होतं. मीही.